पाण्याची आयात

किलिंदिनी बंदरावर, सकाळी अकराच्या सुमारास
कस्टमच्या किबेटसाहेबांनी खोका फोडला
आणि भुशातून एक बाटली वर काढली.
काय आहे हे?
समुद्राचं पाणी.
त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे.
खिडकीबाहेर हिंदी महासागर होता,
अख्खा, बिनकागदपत्रांचा.

"बाई, हे तुम्ही नॉर्वेहून मागवलंत?"
मागचे दोन हमाल हसले. मीही हसले,
शिक्का त्यांच्या हातात होता.

कसं सांगायचं
की हे पाणी मुद्दाम मारलेलं आहे.
बर्गेनला योरुन नावाच्या बाईने
एकाच टाकीतून तीनशे बाटल्या भरल्या,
प्रत्येकीत पाऱ्याचं थेंबभर विष सोडलं,
म्हणजे आत कुणी श्वास घेणार नाही,
कुणी वाढणार नाही, कुसणार नाही,
आणि पाणी कुठेही गेलं तरी
तेच राहील.
एक बाटली मोंतेविदेओला, एक बुसानला,
एक माझ्या टेबलावर, पंख्याखाली.

"दुकानदाराचं किलो खरं की खोटं
हे बघायला सरकारचं एक किलो असतं ना,
तसं समजा."
हे पटलं त्यांना. मोंबासाच्या बाजारात
सौदा केलेल्या कुणालाही पटेल.
किमतीच्या रकान्यात मी लिहिलं होतं: काही नाही.
काही नाही चालत नाही, ते म्हणाले.
एक डॉलर लिहा.

मग तीन दिवस मोजलं.
दर वेळी अकराने जास्त.
आणि चूक इतकी शिस्तीची
की कुणालाही खरी वाटावी.
तिसऱ्या रात्री वीज गेली. टॉर्च तोंडात धरून
मी ब्युरेट सुटी केली,
तर आतलं रबर झिजलेलं:
पूर्ण थेंब दिला म्हणायची
आणि थेंबाहून कणभर कमी द्यायची.
मापात पाप, तेही माझ्याच घरात.
चार वर्षं.
चार वर्षांचे माझे तक्ते, सही माझी,
म्वानाशा, खाली तारीख.

झाकता आलं असतं. सकाळी सगळ्यांना लिहिलं.
मोंतेविदेओहून ग्रासिएलाचं लांबलचक उत्तर आलं,
त्यांचा तराजू कसा लिफ्टच्या भिंतीला लागून होता
आणि कुणी चौथ्या मजल्यावर गेलं
की समुद्राचा आकडा कसा हलायचा.
बुसानहून सोंग-हुईची एकच ओळ:
माझी चूक सातची होती. तो महिना मी झोपले नाही.
या बाईला मी कधी पाहिलेलं नाही.
तो सात मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

नवं रबर आल्यावर गाझीला गेले, खाडीत,
मेजुमा मावशीच्या कालवांच्या मांडवाशी.
गुडघाभर पाण्यात तिने एक पिल्लू-शिंपली उचलली,
नखाने दाबली. कट्कन मोडली.
"आमच्या वेळी दगडाने फोडायचो," ती म्हणाली.
"कुणी नेला यातला चुना?"
धूर, मी म्हणाले. पाण्यात मुरतो, पाणी आंबट होत जातं.
पण ही एक शिंपली त्यानेच मोडली का,
ते आज सांगता येत नाही.
दहा वर्षं तरी मोजायला हवं.
"दहा वर्षांनी मी कुठे असेन?"
तिने तुकडे पाण्यात टाकले, हात लुंगीला पुसला,
आणि बाटली बुडवायला मला जागा करून दिली.

आज पुन्हा बंदरावर, त्याच खिडकीशी.
किबेटसाहेबांनी ओळखलं.
"आता निर्यात?"
हो. बर्गेनला. त्यांनीही मोजून पाहावं,
माझा आकडा माझ्यावर सोडू नये.
त्यांनी बाटली उजेडात धरली.
काचेमागे खिडकी, खिडकीमागे ते सगळं.
किमतीपुढे त्यांनी स्वतःच एक डॉलर लिहिला.
मग पेन थांबलं.
"आत काही जिवंत आहे का?
फॉर्ममध्ये विचारलंय."

नाही, मी म्हणाले.
या बाटलीत नाही.